सेमियाँची कैफियत

केपटाउनच्या दक्षिणेस, टेबल पर्वताची रांग फॉल्स बेच्या दिशेने उतरू लागते तिथे, कॉन्स्टन्शिया नावाचा द्राक्षमळ्यांचा लहानसा टापू आहे. त्याची जगभरची कीर्ती ज्या गोड मद्यावर उभी राहिली, सेंट हेलेनावर बंदिवासात पडलेल्या नेपोलियनच्या मेजापर्यंत जे पोहोचत असे, त्याविषयी अधिकारी लेखकांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मला गेली कित्येक वर्षे वेड लावले आहे ते त्याच्या झगमगाटामागे झाकल्या गेलेल्या कोरड्या पांढऱ्या मद्याने, म्हणजे सोव्हिन्याँ ब्लाँ आणि सेमियाँ या दोन द्राक्षांच्या मिश्रणातून सिद्ध होणाऱ्या आणि ओकच्या पिंपात मुरणाऱ्या वाइनने.

इतिहास उरकून घेतो. १६८५ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा केपमधील कमांडर सायमन व्हान डर स्टेल याला ही जमीन मिळाली. पुढे १७७८ मध्ये हेन्ड्रिक क्लूटे याने मूळ वाडा व मळा विकत घेऊन गोड मद्याला वैभव आणले. हे सारे वैभव गुलामांच्या श्रमांवर उभे होते, आणि त्या गुलामांत हिंदुस्थानातून नेलेली माणसेही होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा किडीने वेली खाल्ल्या. १९८० नंतर मळे पुन्हा सावरले. मात्र एवढ्यावर मला थांबवत नाही, कारण व्हान डर स्टेलची आजी दप्तरात ‘गोव्याच्या किनाऱ्यावरची मोनिका’ म्हणून नोंदलेली आहे, आणि त्याला जमिनीची सनद देणारा कंपनीचा आयुक्त हेन्ड्रिक व्हान रेडे म्हणजे ज्याने मलबारात अंमल करताना ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा वनस्पतींचा बारा खंडी महाग्रंथ सिद्ध करविला तोच गृहस्थ होय. त्या ग्रंथात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघा कोकणी विद्वानांचे प्रशस्तिपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. व्हान रेडे १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर समुद्रातच वारला, आणि त्याची भव्य कबर सुरतेच्या डच दफनभूमीत अजून उभी आहे. द्राक्षांशी या गोष्टीचा संबंध दूरचा आहे हे मला मान्य आहे. पण कॉन्स्टन्शियाचे नाव काढले आणि व्हान रेडेचे काढले नाही, असे माझ्याकडून होत नाही.

आता मळ्याकडे वळू. पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे तोंड करून असलेल्या या उतारांवरून दुपार कलताच ऊन निघून जाते, कारण पाठीशी पर्वत आहे. उन्हाळ्यात फॉल्स बेवरून आग्नेय वारा सुटतो, आणि हवा शुद्ध करतो म्हणून केपवासी त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. त्याच्यामुळे वेली गार राहतात आणि पानांवरील ओल सुकून बुरशीला आळा बसतो. हिवाळ्यातला भरघोस पाऊस कुजलेल्या ग्रॅनाइटच्या चिकणमातीत साठून राहतो. परिणामी द्राक्ष सावकाश पिकते आणि पिकूनही त्याची आंबटाई शाबूत राहते. या व्यवस्थेत खोडा घालणारा एकच प्राणी, तो म्हणजे बबून: पर्वतावरून उतरणाऱ्या या वानरांना पिकल्या घडाची पारख असते, आणि त्यांच्यासाठी विजेची कुंपणे घालून वर राखणदारही ठेवावे लागतात.

या मिश्रणातल्या दोघींपैकी सोव्हिन्याँ ब्लाँ बोलकी. ढोबळी मिरची, कापलेले गवत, कच्ची फळे असा तिचा गंध पेला नाकाशी नेण्याआधीच पुढे येतो. सेमियाँ पातळ सालीची आणि तारुण्यात अबोल. तिच्यात लिंबाच्या सालीची किंचित चाहूल आणि जिभेवर जाणवणारे वजन, एवढेच. परंतु काही वर्षे गेली की तीच मध, मेण आणि भाजलेल्या पावाच्या गंधांनी भरून येते, आणि सोव्हिन्याँचा पहिला बहर ओसरल्यावर मिश्रणाचा संसार तीच सांभाळते. १८२२ साली केपच्या द्राक्षवेलींपैकी सुमारे ९३ टक्के सेमियाँच्या होत्या. आज हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उरले आहे. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि त्याचे कारण इतकेच की बाजाराला पहिल्याच घोटाला बोलणारे द्राक्ष हवे असते.

पिंपाविषयी गैरसमज फार. तयार मद्य लाकडात ओतून त्याला वास लावणे ही हलकी रीत. बोर्दो प्रांतातून आलेली खरी रीत अशी, की रस पिंपातच आंबवायचा, आंबवण संपल्यावर मेलेल्या किण्वाचा गाळ काढून न टाकता त्यावरच मद्य महिनोन्महिने ठेवायचे, आणि मधूनमधून काडीने तो गाळ ढवळायचा. गाळ लाकडातला तुरटपणा काही अंशी शोषून घेतो आणि मद्याला साईसारखा भरीवपणा देतो. लाकडातून अत्यल्प प्राणवायू आत शिरतो. जे बाष्परूपाने उडून जाते त्याची भरपाई वरून करीत राहावे लागते. बोर्दोचे प्रमाणभूत पिंप २२५ लिटरचे, परंतु पुष्कळ मद्यकार ५०० किंवा ६०० लिटरची पिंपे पसंत करतात, कारण पिंप मोठे तितका मद्याला लाकडाचा स्पर्श कमी. ख्यालाच्या मैफलीत तंबोऱ्याकडे कान गेला तर कुठेतरी बिघडले असे समजावे, पिंपाचेही तेच.

कॉन्स्टन्शियातल्या एका तळघरात एका मद्यकाराने मला प्रथम पोलादी टाकीतली सोव्हिन्याँ दिली, मग पिंपातली सेमियाँ, आणि शेवटी दोन्ही एका पेल्यात मिसळून दिल्या. पहिली तीक्ष्ण होती, दुसरी जड. मिश्रणात तीक्ष्णपणाला बैठक मिळाली आणि जडपणाला धार. हे सिद्ध करायला त्याला शब्द लागले नाहीत, नि मीही मुकाट्याने पेला पुन्हा पुढे केला.

ग्रूट कॉन्स्टन्शिया मळ्याचे ‘गव्हर्नर्स रिझर्व्ह’ आणि स्टीनबर्ग मळ्याचे ‘मॅग्ना कार्टा’ ही या मिश्रणाच्या घराण्याची मातब्बर नावे. केपला जाण्याचा योग आलाच तर विक्रेत्याकडे चालू सालाची बाटली मागू नका, चार-पाच वर्षे जुनी मागा. आणि ती बर्फात बुडवू नका, कारण अतिथंड पेल्यात सेमियाँ मुळीच बोलत नाही. दहा-बारा अंश पुरेत.