काचेवरची कागदी नक्षी

मुंबईहून कल्याणकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दिवा व डोंबिवली यांच्या मध्ये कोपर हे स्थानक लागते. वसईहून दिव्याकडे येणारा मार्ग येथे मुख्य मार्गाला वरून ओलांडतो. म्हणून या स्थानकाला खालचे व वरचे असे दोन भाग आहेत. आज हा सारा परिसर विजेच्या दिव्यांनी उजळून निघतो. परंतु खाडीकाठच्या गावांत वीज पोहोचली नव्हती, त्या काळी रात्रीचा सारा भार रॉकेलच्या कंदिलावर असे. वीज आली आणि कंदील माळ्यावर गेला. कोठे त्याची टाकी गंजली, कोठे तो मोडीत निघाला. काच मात्र पुष्कळदा शाबूत राहिली. अशा काचेवर कागदाची कातरलेली चित्रे चिकटवून तिचा सुंदर दिवा करता येतो. ही कला घरच्या घरी, थोड्या खर्चात साधण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात या काचेला एक इतिहासही आहे. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी काचसामानाला पर्याय हवा, असे लोकांना वाटू लागले. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून निधी उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. पुढे १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी आपला काच कारखाना काढला. त्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव पडले आणि तेथील ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. तो कारखाना कालांतराने बंद पडला. म्हणूनच त्या काळची एखादी काच घरात उरली असेल, तर ती जपून ठेवण्याजोगी आहे.

कागद कातरून वस्तूवर चिकटवण्याच्या कलेला फ्रेंच भाषेत ‘देकूपाज’ म्हणतात. ‘कापून काढणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द झाला आहे. अठराव्या शतकात युरोपातील श्रीमंतांना चीन व जपान येथील लाखकामाच्या वस्तूंचे मोठे वेड होते. त्या वस्तू फार महाग पडत. तेव्हा व्हेनिसच्या कारागिरांनी छापील चित्रे रंगवून, कातरून लाकडी सामानावर चिकटवली व त्यांवर रोगणाचे अनेक थर दिले. या कामाला ‘गरिबांचे लाखकाम’ असे नाव मिळाले. त्याच शतकात इंग्लंडमधील मेरी डेलानी या बाईंनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी रंगीत कागदाच्या तुकड्यांतून फुलांची चित्रे करण्यास आरंभ केला. दृष्टी अधू होईपर्यंत, सुमारे दहा वर्षांत, त्यांनी जवळजवळ एक हजार चित्रे पूर्ण केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत.

काम हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. कागद चिकटवलेल्या काचेत ज्योत कधीही पेटवू नये. ज्योतीभोवतीची काच अतिशय तापते; त्या उष्णतेने कागद करपतो व पेटही घेतो. तारेचा जुना विजेचा दिवाही येथे उपयोगाचा नाही, कारण त्याला मिळणाऱ्या विजेच्या दहा भागांपैकी नवांहून अधिक भाग उष्णतेतच जातात. अशा काचेत कमी शक्तीचा एलईडी दिवाच ठेवावा. तो फारसा तापत नाही. तरीही हवा खेळण्यासाठी काचेचे वरचे तोंड मोकळे ठेवावे.

प्रथम काच साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ पुसावी. काजळीचा किंवा बोटांच्या तेलकटपणाचा अंश राहिला, तर खळ धरत नाही. काच धुतल्यावर ती कडेनेच हाताळावी. चित्रांसाठी जुन्या दिनदर्शिका, लग्नपत्रिका, रंगीत पतंगी कागद असे कोणतेही साहित्य चालते. मात्र प्रत्येक चित्र आधी उजेडासमोर धरून पाहावे. मागच्या बाजूची छपाई एरवी दिसत नाही. परंतु दिवा लागताच ती चित्रातून उमटते आणि फुलाच्या पाकळीवर तारखांचे आकडे दिसू लागतात. दिवसा कागदावर पडून परतलेल्या प्रकाशाने चित्र दिसते, तर रात्री त्यातून आरपार आलेल्या प्रकाशाने. दिव्यासाठी पातळ कागद उत्तम, तो यासाठीच. जाड कागदाची आकृती काळ्या सावलीसारखी दिसते. कागदावर कागद आला, तर तेवढा भाग अधिक गडद होतो. कुशल कारागीर या दोन्ही गोष्टींचा नक्षीत उपयोग करून घेतो.

कातरताना आतली छिद्रे आधी व बाहेरची कड शेवटी कापावी. म्हणजे हातात धरायला कागद शिल्लक राहतो. वळणावर कात्री न फिरवता कागद फिरवावा. नळीसारख्या सरळ काचेवर सपाट कागद नीट बसतो. कंदिलाची काच मात्र मध्ये फुगीर असते आणि फुगीर पृष्ठावर मोठा सपाट कागद सुरकुत्या पडल्यावाचून बसतच नाही. म्हणून तेथे लहान तुकडे लावावेत किंवा कडेला बारीक चिरा द्याव्यात.

मैद्याची पातळ खळ अथवा पांढरा डिंक कुंचल्याने कागदाच्या मागे सारखा लावावा. ओला कागद किंचित पसरतो व वाळताना आकसतो. त्यामुळे लहानसहान सुरकुत्या आपोआप निघून जातात. चित्र काचेवर ठेवून ओलसर फडक्याने मध्यापासून कडेकडे दाबत जावे, म्हणजे आत अडकलेली हवा बाहेर पडते. मैद्याच्या खळीला कसर व झुरळे लागतात, हा तिचा दोष आहे. पांढऱ्या डिंकाला ते भय कमी.

यानंतर धीर धरावा लागतो. कोपरसारख्या खाडीजवळच्या गावी पावसाळ्यात हवा दमट असते, त्यामुळे कागद लवकर वाळत नाही. आत ओल राहिली असताना वरून रोगण दिले, तर ती तेथेच कोंडते आणि काही दिवसांत बुरशीचे डाग उमटतात. म्हणून हे काम पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास करावे. कागद पूर्ण वाळल्यावर पारदर्शक रोगणाचे तीन-चार पातळ थर द्यावेत आणि पहिला थर सुकल्याशिवाय दुसरा देऊ नये. एकच जाड थर देण्यापेक्षा अनेक पातळ थर अधिक टिकाऊ ठरतात.

नक्षी कोणती काढावी, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर आहे. खारफुटीची पाने, चिखलात उभा असलेला बगळा, भाताची लोंबी असे विषय खाडीकाठच्या मुलांना दूर शोधावे लागत नाहीत. दिवा लावताच खोलीच्या भिंतीवर मंद रंगीत उजेड पसरतो. एके काळी ज्या काचेने वाऱ्यापासून ज्योत राखली, तीच आता मुलांच्या हातांची कारागिरी उजेडात आणते.