कॅशलेस दावा : एक तास, अनेक कागद

मावळातल्या वडिवळ्याचा विमाधारक रुग्ण तळेगावच्या रुग्णालयात दाखल झाला, की त्याचे कागद विमा कंपनीतल्या डॉक्टरसमोर येतात. या डॉक्टरला रुग्ण दिसत नाही. दिसतात कागद आणि घड्याळ. ‘इर्डाई’च्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचारांचा निर्णय एका तासात, तर घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी लागते. त्यापुढच्या विलंबाचा रुग्णालयाचा जादा खर्च कंपनीवर पडतो. शिवाय दावा फेटाळायला एकट्या कर्मचाऱ्याचा शेरा पुरत नाही. समितीची मान्यता लागते. एवढ्या घाईत अपुरी माहिती म्हणजे शंका, आणि शंका म्हणजे उशीर. म्हणून मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार पॉलिसी घेतानाच सांगावेत. जुने केसपेपर सोबत ठेवावेत.