यादीबाहेरची दुकानं

२०२०चा गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. तालुक्याच्या गावातल्या कापडवाल्यांनी, भांडीवाल्यांनी, मोबाइलवाल्यांनी पाडव्यासाठी भरलेला माल शटरआड अडकला. उघडं काय राहणार, हे सरकारी यादीने ठरवलं: किराणा, दूध, भाजी, औषधं. पोट आणि औषधपाणी आधी, यात वाद नाही. पण गावातल्या विशी-बाविशीतल्या पोरापोरींचा दिवस ज्या दुकानांच्या आधाराने चालतो, त्यांतलं जवळपास एकही त्या यादीत नव्हतं. झेरॉक्स, अभ्यासिका, मोबाइल रिपेअरिंग, सलून, चहाची टपरी – सगळं बंद. त्या बंद शटरांबद्दल फारसं लिहिलं गेलं नाही, म्हणून हा लेख.

किराणा दुकानदारांनी त्या दिवसांत गावं जगवली. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात २३ मार्चलाच कोरोनाचे चार रुग्ण सापडले, काही दिवसांत आकडा विसाच्या पुढे गेला आणि साऱ्या राज्याचे डोळे त्या गावाकडे लागले. अशा गावांत दुकानासमोर चुन्याने चौकोन आखले गेले, दारात दोरी बांधली गेली. सामानाची यादी व्हॉट्सअॅपवर यायला लागली आणि पुण्या-मुंबईहून परतलेली मुलं वडिलांच्या गल्ल्यावर बसून ती वाचू लागली. ज्यांची मजुरी थांबली होती, त्यांचं नाव वहीत चढत राहिलं. ही उधारी कोणत्याही मदतीच्या आकड्यात धरलेली नाही, पण मला ती त्या काळातली सर्वांत मोठी मदत वाटते.

आता यादीबाहेरच्यांकडे वळू. आधी अभ्यासिका, कारण छोट्या गावातल्या स्पर्धा परीक्षावाल्यांचं खरं घर तेच. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं असली की अभ्यासाला जागा कुठून येणार? महिन्याची फी भरायची, आपल्या नंबरच्या खुर्चीवर सकाळी सातला बसायचं, खालच्या झेरॉक्सवाल्या दादांकडून प्रश्नसंच काढायचे, दुपारी टपरीवर एक कटिंग घ्यायचा, असा तो दिनक्रम. राज्यसेवेची पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी होती. ती पुढे गेली, मग आणखी पुढे. मार्च २०२१ मध्ये तोंडावर आलेली तारीख पुन्हा बदलली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. जवळपास वर्षभराचा हा ताण गावाकडच्या मुलांनी घरच्या ओट्यावर, गोठ्यात, शेतातल्या खोपीत काढला. घरी असल्यावर मुलींच्या वाट्याला आधी स्वयंपाक यायचा, पुस्तक नंतर. त्यांच्या दृष्टीने अभ्यासिका ही नक्कीच जीवनावश्यक सेवा होती.

मोबाइलच्या दुकानाचंही तेच. वर्ग मोबाइलवर भरू लागले आणि घरात फोन एकच. त्याची चार्जिंग पिन सैल झाली किंवा डिस्प्ले गेला, तर पोराची शाळाच बुडाली. दुकानदार दादा मग अर्धं शटर वर करून, नाहीतर घरच्या पडवीत बसून दुरुस्ती करायचे आणि गाडीचा आवाज आला की आत जायचे. सरकारलाही हे हळूहळू उमगत गेलं. एप्रिलच्या उत्तरार्धात केंद्राने प्रीपेड रिचार्ज, विद्यार्थ्यांची पुस्तकं आणि विजेचे पंखे विकणाऱ्यांना मुभा दिली. पंख्याचं दुकान जीवनावश्यक ठरायला विदर्भ-मराठवाड्यातला एप्रिल पुरेसा होता!

सलूनला मात्र बराच काळ थांबावं लागलं. राज्यात २८ जूनला परवानगी मिळाली, तीही फक्त केस कापायची, दाढीला बंदीच. तीन महिने कमाई शून्य, आणि गाळ्याचं भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला उभं. छोट्या गावातलं सलून म्हणजे दोन खुर्च्या, एक आरसा आणि पोरांनी तासन्‌तास बसायचा बाक. क्रिकेटपासून सोयरिकीपर्यंत सगळं तिथे बोललं जातं. तो बाक गेला आणि मुलं फोनमध्ये एकेकटी पडली.

मदतीच्या योजना आल्या, पण यांतल्या बहुतेक दुकानांना बगल देऊन गेल्या. १ जून २०२०ला सुरू झालेल्या पीएम स्वनिधीतून दहा हजारांचं कर्ज मिळत होतं, ते रस्त्यावरच्या विक्रेत्यांना. लघुउद्योगांसाठीचं हमी असलेलं कर्ज मिळायचं, तर फेब्रुवारीअखेर आधीचं कर्ज खात्यावर असावं लागे. भाड्याच्या गाळ्यात, बँकेचा एक पैसाही न घेता सलून किंवा झेरॉक्स चालवणारा माणूस या दोन्हींच्या मधल्या फटीत राहिला. एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध आले, किराण्याला सकाळी सात ते अकरा एवढीच वेळ उरली आणि सलूनचं शटर पुन्हा खाली आलं. या वेळी भाड्यासाठी वहीत नाव लिहून घेणारा कोणी नव्हता. काहींनी खुर्च्या विकल्या, काहींनी मशीन. गाळे रिकामे झाले आणि त्यांतल्या कित्येकांत आज दुसरंच काहीतरी चालतं.