बाकावरचा गडी

कामगार संघटनेचे काम करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा आमच्यासारख्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत खेळाविषयी बोलावे, याचे बोरीकर श्रोत्यांना नवल वाटेल. मजुरी, हजेरीपट, बोनस या विषयांवर आम्ही बोललो असतो तर कोणी काही म्हटले नसते. परंतु बोनस हा शब्द जसा कारखान्यात आहे तसा कबड्डीच्या मैदानावरही आहे, आणि आज ज्याच्याविषयी बोलायचे आहे तो शब्दही असाच दोन्हीकडचा आहे. तो शब्द म्हणजे 'बदली'.

मुंबईच्या कापड गिरण्यांत कायम कामगारांच्या जोडीला बदली कामगार असत. सकाळी दरवाजावर येऊन उभे राहायचे. कायम माणूस गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळायचे, नसला तर डबा तसाच घेऊन परत जायचे. कोणाला आत घ्यायचे हे पुष्कळ काळ जॉबरच्या मर्जीवर होते. ती मर्जी राखण्यासाठी लोकांना काय काय करावे लागे, ते सांगत बसत नाही. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली, आणि जॉबरच्या मर्जीला थोडा तरी आळा बसला. पुढे औद्योगिक विवादाच्या कायद्यातही हा 'बदली' शब्द इंग्रजी मजकुरात जसाच्या तसा घालण्यात आला. खेळातही राखीव गड्याला आपण बदली खेळाडूच म्हणतो. दोघांचे दुखणे एकच आहे. काम येते, त्यासाठी अंगात बळही आहे. पण आपली पाळी कधी येणार आणि ती कोण ठरवणार, हे ठाऊक नाही.

हे दुखणे आम्ही स्वतः सोसले आहे. तरुणपणी एका संघात आमची निवड झाली होती. कोणता संघ, कोठली स्पर्धा, हे सांगण्याचे कारण नाही. तीन दिवस आम्ही बाकावर बसून होतो. पाणी दिले, टॉवेल दिले, ओरडून ओरडून घसा बसवला. तिसऱ्या दिवशी मुख्य चढाईपटूचा पाय मुरगळला आणि एकाएकी हाक आली, "ऊठ, जा!" थंडीची रात्र, पाय आखडलेले, समोरच्या बचावात कोण कोठे उभा राहतो याकडे तीन दिवसांत कोणी लक्ष वेधलेले नव्हते. पहिल्याच चढाईत आमची पकड झाली. सामना गेला, आणि गावात परतल्यावर दोष आमच्या नावावर जमा झाला. त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे. चूक नक्की कोणाची? पकडल्या गेलेल्या गड्याची, की त्याला बारावा म्हणून निवडून त्याचे काम काय हे कधीच न सांगणाऱ्यांची?

आता खेळाचा हिशेब पाहू. कबड्डीत मैदानावर सात गडी आणि बाकावर पाच, असा बारांचा संघ असतो. नेहमीच्या नियमांप्रमाणे पंचांच्या परवानगीने, विश्रांतीच्या वेळी किंवा मध्यंतरात, गडी बदलता येतो. बाहेर काढलेला गडी पुन्हा आत घेता येतो. मात्र बाद होऊन बाहेर बसलेल्या गड्याच्या जागी दुसरा पाठवता येत नाही. या एका नियमात बदलीचे सारे शास्त्र आहे. डावा कोपरा सांभाळणारा गडी बाद झाला की बाकावर त्याच्या तोडीचा माणूस असूनही उपयोग नाही. म्हणजे बदल संकट आल्यावर करून चालत नाही, संकट दिसू लागताच करावा लागतो. कोणाचा दम तुटत आला आहे, कोणाची चाल समोरच्यांनी ओळखली आहे, हे प्रशिक्षकाने आधी हेरले पाहिजे. त्याला हेरता आले तरी बाकावर योग्य माणूस असावा लागतो, आणि तो तर स्पर्धेच्या कित्येक दिवस आधी निवड समितीच्या खोलीत ठरून गेलेला असतो. निवड आणि बाक या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, त्या अशा.

हा वाद जगात सर्वांत तावातावाने कोठे चालत असेल तर तो रग्बीच्या खेळात. रग्बी आपल्याकडे थोडी खेळली जाते, पण अगदीच परकी नाही. पुण्याच्या वाहबिझ भरुचा भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या. या खेळाचा सात-सात गड्यांचा जो प्रकार २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, त्यातही सात मैदानावर आणि पाच बाकावर. आपल्या कबड्डीचाच आकडा! मूळचा मोठा खेळ मात्र पंधरा गड्यांचा. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचे आणि पळणाऱ्याला धरून पाडायचे. सामना ८० मिनिटांचा. पंधरांपैकी पुढचे आठ रेटारेटी करणारे दणकट गडी, मागचे सात पळणारे. स्क्रम नावाच्या प्रकारात दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. त्यांच्या पहिल्या रांगेतल्या मधल्या गड्याला हुकर म्हणतात. ते काम शिकलेल्याचे आहे. नवख्याची तेथे मान मोडायची.

रग्बीत बाकावर आठ गडी असतात. पुढचे पाच आणि मागचे तीन, अशी वाटणी पुष्कळदा होते. दक्षिण आफ्रिकेने २०१९ च्या विश्वचषकात सहा आणि दोन अशी वाटणी केली. हेतू असा, की उत्तरार्धात समोरचे दमले की ताज्या दमाचे रेटणारे गडी जवळजवळ एकदम आत सोडायचे. त्या बाकाला लोकांनी 'बॉम्ब स्क्वॉड' असे नाव दिले. अंतिम सामन्यात त्यांनी इंग्लंडला ३२-१२ असे हरवले. २०२३ च्या अंतिम सामन्यात तर त्यांनी सात आणि एक अशी वाटणी केली. मागचे सात पळणारे, आणि त्यांच्यासाठी बदली एकच! दोघे जायबंदी झाले असते तर? टीका झाली, आणि ती अडाणीपणाची नव्हती.

त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्ट आमच्या विषयाला अधिक जवळची आहे. स्पर्धा चालू असताना त्यांचा नामांकित हुकर माल्कम मार्क्स जायबंदी झाला. त्याच्या जागी दुसरा हुकर बोलावतील असे कोणालाही वाटेल. त्यांनी बोलावला हांद्रे पोलार्ड, जो मागच्या सातांतला, लाथेने गोल साधणारा गडी. पोटरीच्या दुखापतीमुळे तो मूळ संघात नव्हता. आता संघात पक्का हुकर एकच उरला, बोंगी म्बोनांबी. हा जुगार आहे, असे लोक म्हणाले. उपांत्य सामन्यात इंग्लंडपुढे ते मागे पडले, तेव्हा पूर्वार्धातच पोलार्डला आत घेण्यात आले. पुढे बाकावरून आलेला ऑक्स न्चे स्क्रममध्ये इंग्लंडला रेटू लागला, आणि शेवटच्या मिनिटांत पोलार्डच्या लांब पल्ल्याच्या किकने सामना १६-१५ असा जिंकला. न्यूझीलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यातही त्यांचे सारे १२ गुण पोलार्डचेच; निकाल १२-११.

तेव्हा टीकाकार चुकले, असे म्हणून आपण मोकळे होऊ का? थांबा. त्याच अंतिम सामन्यात अगदी सुरुवातीलाच म्बोनांबी जायबंदी होऊन बाहेर गेला. ज्या संकटाची भीती घातली जात होती ते संकट पहिल्या काही मिनिटांतच दारात आले. त्याच्या जागी उरलेला जवळजवळ सारा सामना ३७ वर्षांचा डिऑन फूरी खेळला. चेंडू आत फेकताना त्यांची ओढाताण झाली, एका गुणाने निभावले. एक गुण इकडचा तिकडे झाला असता तर तीच निवड मूर्खपणाची ठरली असती, आणि आज शहाणे म्हणवणारे तेव्हा वरातीमागून घोडे नाचवीत राहिले असते.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की निवडीची पारख निकालावरून करू नये. कारण आधी ठरवले होते का, आणि ज्याच्यावर भार पडणार होता त्याला ते आधी सांगितले होते का, यावरून करावी. फूरी पूर्वी हुकर म्हणून खेळलेला होता; वेळ आली तर हे काम तुझे, हे आधीच ठरलेले होते. तो आत गेला तो "ऊठ, जा" अशा हाकेने नव्हे. संघनायकांनी धोका पत्करला, पण डोळे उघडे ठेवून. तीन दिवस बाकावर बसून थंड पडलेल्या आमच्यात आणि त्याच्यात फरक होता तो एवढाच. बाकी गुणांचा फरक आम्ही नम्रपणे मान्य करतो!

आता घराकडे वळू. कबड्डी १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत आली, आणि २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने घेतली. २०१८ साली जकार्त्यात मात्र गटातच कोरियाने २४-२३ असे हरवले, आणि उपांत्य सामन्यात इराणने २७-१८ असे. त्या बारांत महाराष्ट्राचे रिशांक देवाडिगा आणि गिरीश इरनाक होते. संघाची मांडणी पाहा. आमच्या हिशेबाने सहा चढाईपटू, दोन अष्टपैलू आणि निव्वळ बचावाचे चार. एकेक चढाईपटू असा की घराघरांत त्याचे नाव. परंतु सात जणांच्या बचावाला कोपरे आणि मधली फळी भरायलाच चार माणसे लागतात. मग बाकावर बचावासाठी उरले कोण? नावे मोठी निवडली, पण बाक निवडला नाही, असा आक्षेप कोणी घेतला तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने आपल्याला २७-२४ असे हरवले. इराणच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून कोण होते? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी परदेशात जाऊन संघ घडवला याचा आम्हांला अभिमानच आहे. पण आपल्याकडचे गुण आपल्या बाकावर का दिसत नाहीत, हा प्रश्न त्या दिवशी ज्याला पडला नाही, त्याने सामना नीट पाहिला नाही.

या स्पर्धेआधीच निवडीचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. निवड गुणांवर झाली नाही, अशी माजी खेळाडूंची तक्रार होती. न्यायालयाने एक तोड काढली. स्पर्धा आटोपल्यावर १५ सप्टेंबर २०१८ रोजी निवडलेला संघ आणि वगळलेले खेळाडू यांनी आमनेसामने खेळावे. वगळलेले मैदानावर आले. निवडलेला संघ आला नाही. कोण खरे, कोण खोटे, याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण संघाची निवड न्यायाधीशांच्या दारी जावी, यातच सारे आले. संघटनेच्या कामात आम्ही पाहिले आहे की ज्या कारखान्यात बढतीचे नियम फळ्यावर लागलेले असतात, तेथे तक्रारी निम्म्याने घटतात. नियम सर्वांना आवडतात म्हणून नव्हे. नियम दिसतात म्हणून.

आणि हा प्रश्न हारजितीपुरता नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा हमालाच्या मुलाला संघाच्या यादीतले नाव म्हणजे केवळ मानपत्र नव्हे, ती भाकरी आहे. बारावा आणि तेरावा यांत खेळाचे अंतर कधीकधी केसाएवढे असते, पण आयुष्याचे अंतर फार मोठे पडते. ज्याला तेरावा ठरवायचे त्याला निदान कारण तरी द्या, एवढीच आमची मागणी आहे.

ती तीन कलमांत मांडतो. पहिले, निवड चाचणीची तारीख आणि कसोटी आधी जाहीर व्हावी आणि वगळलेल्याला दोन वाक्यांत का होईना, कारण कळावे. दुसरे, बाराही नावांपुढे त्याचे काम लिहिलेले असावे. हा डाव्या कोपऱ्याचा बदली, हा शेवटच्या पाच मिनिटांचा चढाईपटू, हा सलग सामन्यांत कर्णधाराला विश्रांती देणारा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, त्याला का घेतले याचा विचार समितीनेच करावा. तिसरे, बाकावरच्या गड्याने सामना पाहत बसू नये. त्याने तो अभ्यासावा, अंग ऊन ठेवावे, आणि आपली पाळी कोणत्या प्रसंगी येणार हे त्याला ठाऊक असावे.

यातले काहीही खर्चाचे नाही. राष्ट्रीय संघासाठी जे म्हटले, तेच आपल्या गावच्या संघालाही लागू आहे. यंदा गावात सामने होतील तेव्हा मैदानावरच्या सातांकडे सर्व जण पाहतीलच. आपण घटकाभर बाकाकडे पाहा. तेथे बसलेल्या पाच पोरांना जाऊन विचारा, "बाबा, तुझे काम काय ठरले आहे?" पाचही जणांनी चटकन उत्तर दिले, तर तो संघ हरला तरी चांगला निवडलेला आहे असे समजा. आणि पोरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली, तर जिंकल्यावरसुद्धा संघ निवडणाऱ्यांना दोन शब्द विचारल्यावाचून घरी जाऊ नका.