जुन्या कार स्टिरिओला मोबाईलची जोड

गाडी जुनी, सेट कंपनीचा कॅसेटवाला आणि गाणी मात्र मोबाईलमध्ये. डॅशबोर्डची शोभा जाऊ नये म्हणून असे गिऱ्हाईक नवा सेट घेत नाही. रेडिओ-कारागिरासाठी हे चांगले काम आहे. सामान किरकोळ, पैसा हुन्नरीचा.

बॅटरीची तार काढण्याआधी सेटचा कोड मागून घ्यावा. होंडासारख्या कित्येक गाड्यांचे सेट वीज तुटताच कुलूपबंद होतात. चालता रेडिओ मुका झाला तर बोल कारागिरालाच!

कॅसेट हेडच्या तारांना जोड देऊ नये. तिथला सिग्नल फार बारीक, मोबाईलचा आवाज फाटतो. प्रीअँपमधून निघून व्हॉल्यूमकडे जाणाऱ्या डाव्या-उजव्या वाटा शोधाव्यात आणि तिथे ३.५ मि.मी.चा स्विचवाला जॅक घालावा. पिन नसताना कॅसेट वाजते, पिन घातली की मोबाईल. मोबाईलकडून येणाऱ्या दोन्ही तारांत एकेक कपॅसिटर हवाच, नाहीतर सेटचे डीसी व्होल्टेज उलटे मोबाईलकडे जाते.

सेट कॅसेटवर राहावा म्हणून आत बहुधा एखादी कॅसेट फिरती ठेवावी लागते. त्यामुळे यंत्रणेचा पट्टा आधी तपासावा. झिजलेला निघाला तर त्याची मजुरी वेगळी, आणि ती सेट उघडताच सांगावी.

मोबाईल गाडीतच चार्जिंगला लावल्यावर इंजिनाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली, तर दोष बहुधा अर्थिंगचा. मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की ती थांबते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सामान मिळते.