पाहुणे एका रात्रीचे

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला की महाराष्ट्रातून राजस्थानच्या सहली निघू लागतात. जयपूर, उदयपूर, जोधपूर करत करत त्या पश्चिमेला सरकतात आणि जैसलमेरला येऊन थांबतात. कार्यक्रमपत्रिकेत या मुक्कामापुढे बहुधा एवढेच छापलेले असते : ‘उंटाची सफर, लोकसंगीत, वाळवंटात तंबूत मुक्काम.’ यातली एकही गोष्ट मुळात पाहुण्यांसाठी तयार झालेली नाही. उंट हे इथले वाहन होते, गाणे हे यजमानाच्या कुळाचे दप्तर होते आणि उघड्यावर रात्र काढणे हा व्यापारी तांड्यांचा नेहमीचा शिरस्ता होता. पर्यटनाने हे सगळे एका रात्रीच्या पॅकेजात बांधले. ते पॅकेज घ्यायला काहीच हरकत नाही. मात्र आत काय बांधले आहे हे ठाऊक असेल तर रात्र अधिक रंगते आणि आपले पैसे कोणाच्या हाती जातात हेही कळते.

तांड्यांचे गाव

रावळ जैसल या भाटी राजपुताने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर किल्ला उभारायला घेतला. सिंधकडे जाणारे तांडे याच वाटेने जात. त्यांच्याकडून मिळणाऱ्या जकातीवर आणि सावकारीवर गाव श्रीमंत झाले. पटव्यांच्या हवेल्यांवरची दगडी जाळी त्या पैशातूनच कोरली गेली. पुढे मुंबई बंदर वाढले. मालाने समुद्राची आणि मग रेल्वेची वाट धरली, तसे जैसलमेर मागे पडत गेले. १९४७ च्या फाळणीने सिंधकडची उरलीसुरली वाटही बंद केली. तांडे गेल्यावर या गावाला पुन्हा बाहेरचे लोक दिसू लागले ते पर्यटक म्हणून. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या १९७४ च्या चित्रपटाने बंगाली प्रवाशांना इकडे वळवले. २०१३ मध्ये राजस्थानातल्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर हा किल्लाही जागतिक वारसा ठरला. मुंबईच्या बंदराने ज्या गावाचा धंदा नेला, त्या गावात आज मुंबई-पुण्याचे प्रवासी हंगाम घेऊन येतात.

जिल्हा अफाट आहे. क्षेत्रफळ ३८ हजार चौरस किलोमीटरांच्या वर, म्हणजे दहा गोवे मावतील एवढे. आणि २०११ च्या जनगणनेनुसार एका चौरस किलोमीटरमध्ये माणसे अवघी १७. पण हा सगळा प्रदेश वाळूच्या टेकड्यांचा नाही. जैसलमेरहून निघालेली गाडी बराच वेळ दगडगोट्यांच्या माळावरून, रुई-केराच्या झुडपांतून आणि सेवण गवताच्या कुरणांतून जाते. सिनेमात दिसते तसली लाटांची वाळू काही मोजक्या पट्ट्यांतच आहे. तिला स्थानिक लोक धोरे म्हणतात.

सम की खुरी?

असे दोन पट्टे पर्यटकांच्या ओळखीचे आहेत. सम हे गाव जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. रस्त्याकडेला तंबूंच्या रांगाच्या रांगा, जीप, वाळूत उडणाऱ्या, चारचाकी आणि दुचाकी यांच्या मधल्या गाड्या, ध्वनिक्षेपक, असा मोठा बाजार तिथे भरतो. सोयी भरपूर, पर्याय भरपूर, गर्दीही भरपूर. खुरी नैऋत्येला साधारण तेवढ्याच अंतरावर. तिथे धोरे गावाला लागूनच आहेत, मातीच्या भिंतींच्या आणि गवताने शाकारलेल्या खोल्यांत राहता येते, आणि गोंगाट कमी असतो. लहान मुले आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर सम सोपे पडते. वाळवंट हवे असेल तर खुरी. याहून आत, एखाद्या ढाणीच्या म्हणजे चार-सहा घरांच्या वस्तीच्या आसऱ्याने, धोऱ्यावर बाज टाकून झोपवणारे उंटवालेही आहेत. पण तिथे संडास-बाथरूमची अपेक्षा ठेवू नये.

धोरा चढताना त्याची रचना पायांना आधी समजते. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू लांबट उताराची आणि घट्ट असते. कण तिच्यावरून घरंगळत माथ्यापर्यंत जातात आणि पलीकडे कोसळतात. ती बाजू तीस-पस्तीस अंशांची, भुसभुशीत. उंट नेहमी घट्ट बाजूने चढवतात. पर्यटक हौसेने दुसऱ्या बाजूने चढतात आणि तीन पावले टाकून दोन मागे येतात.

उंटावर बसताना

पहिला धक्का बसण्याचा नसून उठण्याचा असतो. बसलेला उंट आधी मागचे पाय उभे करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे झुकतो. मग पुढचे पाय सरळ होतात आणि तो मागे फेकला जातो. म्हणून उठताना मागे रेलायचे आणि पलाणाची मूठ दोन्ही हातांनी धरायची. उतरताना उलटे : उंट आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच रेलायचे. चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबरच टाकतो आणि त्यामुळे डावी-उजवीकडे हिंदकळत राहतो. कंबर ताठ धरली तर अर्ध्या तासात दुखते. सैल सोडली की त्याच्या लयीत मिसळते.

पाठीवरच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते. अंगभर चरबीचा थर असता तर उष्णता बाहेर पडली नसती. चरबी एका जागी साठल्याने बाकीचे शरीर थंड राहू शकते. पाणी वाचवायच्या युक्त्या वेगळ्याच आहेत. तहानलेला उंट दिवसभरात शरीराचे तापमान ३४ अंशांपासून ४० च्या पलीकडे चढू देतो आणि घाम गाळायचे टाळतो. वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढे पाणी कमी झाले तरी तो तग धरतो, आणि पाणी मिळाले की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पिऊन टाकतो. एवढे पाणी एकदम रक्तात उतरले तर दुसऱ्या जनावराच्या रक्तपेशी फुटतील. उंटाच्या लंबगोल पेशी ते सोसतात. पावलाखालची रुंद गादी, मिटणाऱ्या नाकपुड्या, पापण्यांच्या दाट केसांची दुहेरी झालर, छातीवरचा आणि गुडघ्यांवरचा घट्टा, हे सगळे तो बसलेला असताना जवळून पाहता येते. फोटो काढून झाले की तेवढे पाहावे.

मराठी इतिहासालाही हा प्राणी परका नाही. पेशवाईत तातडीची पत्रे सांडणीस्वार नेत. आज मात्र आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकण्यापुरताच तो उरला आहे, आणि राजस्थानातही त्याची स्थिती फारशी बरी नाही. १९९२ च्या सुमाराला देशात दहा लाखांवर उंट होते. २०१२ च्या पशुगणनेत ते चार लाखांवर आले आणि २०१९ मध्ये अडीच लाखांवर. त्यांतले दोन लाखांहून अधिक एकट्या राजस्थानात. रस्ते झाले, ट्रॅक्टर आणि मोटारसायकली आल्या, कालव्याखाली शेती आली आणि चराईची कुरणे आक्रसली. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि २०१५ च्या कायद्याने त्याची कत्तल व राज्याबाहेरची विक्री रोखली. हेतू चांगला होता. पण नर उंटांचे गिऱ्हाईक गेले, भाव पडले आणि पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणाऱ्या रायका-रेबारी समाजातली तरुण मुले या धंद्यातून बाहेर पडू लागली. नर उंटाला रोख पैसे मिळवून देणारी जी थोडी कामे उरली, त्यांतले एक म्हणजे पर्यटकांना पाठीवर घेणे.

कापडाच्या भिंती, टँकरचे पाणी

इथल्या धंद्यात ज्याला ‘स्विस टेंट’ म्हणतात तो तंबू म्हणजे खरे तर कापडी खोली असते. खाली सिमेंटचा ओटा, बाहेर जाड ताडपत्री, आत छापील सुती कापड, दोन्हींच्या मध्ये हवेचा पदर. पलंग, रजई, आरसा, मागे जोडलेले न्हाणीघर. हवेचा पदर दुपारचे ऊन अडवतो. रात्रीच्या थंडीपुढे मात्र तो तोकडा पडतो. कोरडी वाळू उष्णता खोलवर नेत नाही. वरचा थर तेवढा तापतो आणि सूर्य मावळताच निवतो. हवेत बाष्प नाही, आकाशात ढग नाहीत, त्यामुळे उष्णतेला थोपवायला काहीच नसते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी सदऱ्यावर फिरणारा माणूस पहाटे सात-आठ अंशांत कुडकुडतो. कानटोपी, मोजे, जाड स्वेटर आणि वाऱ्यातल्या वाळूसाठी एक मोठा रुमाल, एवढे तरी बरोबर असावे.

न्हाणीघरातले गरम पाणी बहुतेक ठिकाणी टँकरने आलेले असते. जिथे वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरही गाठत नाही तिथे पाण्याची व्यवस्था हीच खरी संस्कृती होती. पालीवाल ब्राह्मणांनी इथे खडीन रचले : उतारावरून येणारे पावसाचे पाणी खोलगट जमिनीत बांध घालून अडवायचे, ते मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा काढायचा. समला जाताना वाटेवर लागणारे कुलधरा हे याच पालीवालांनी एकोणिसाव्या शतकात सोडलेले गाव. गाइड तिथे भुताखेतांच्या गोष्टी सांगतो. त्याला खडीन दाखवायला सांगावे. काही खडीन आजही पिकतात. आणखी एक युक्ती म्हणजे कुंई किंवा बेरी. काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा थर असतो. तो पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. त्या थरापर्यंत अरुंद विहीर खणली की वाळूतली ओल थेंबाथेंबाने गोळा होते. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात या सगळ्या शहाणपणाची नोंद केली आहे. ते कळल्यावर तंबूतला नळ फार वेळ वाहता ठेवायला हात धजत नाही.

जेवणातही हाच हिशेब दिसतो. दाल-बाटी-चुरम्यात भाजी नाही, तूप आहे. केर-सांगरीतली सांगरी म्हणजे खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या शेंगा. त्या वाळवून वर्षभर ठेवतात. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती इथे ताटात येते. बाजरीचा जाडजूड सोगरा मिळाला तर सोडू नये. भाकरी खाणाऱ्याला त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

गाणारे कोण?

रात्रीच्या कार्यक्रमात गाणारे बहुधा मांगणियार असतात. धर्माने मुस्लिम, पण अनेकांचे यजमान हिंदू राजपूत. जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रसंगी यजमानाच्या घरी गाणे आणि त्याची वंशावळ मुखोद्गत ठेवणे हे त्यांचे वंशपरंपरागत काम. त्यांचे खास वाद्य कमायचा : आंब्याच्या लाकडाचा गोल पोटाचा, बकऱ्याचे कातडे मढवलेला, गजाने वाजणारा. लंगा समाजाचे वाद्य सिंधी सारंगी. खरताल म्हणजे प्रत्येक हातात लाकडाच्या दोन पट्ट्या. त्यांतून निघणारी लय ऐकताना हात चार आहेत की काय असे वाटावे. जोधपूरचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी १९६० च्या दशकापासून या कलावंतांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांना देशाबाहेरच्या मंचांवर नेले. हमीरा गावच्या साकर खान यांना कमायच्यासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

काळ्या घेरदार पोशाखात गिरक्या घेणाऱ्या स्त्रिया कालबेलिया समाजाच्या. त्यांचे पूर्वज साप खेळवत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झाले आणि नृत्य हेच पोट भरायचे साधन बनले. २०१० मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

कॅम्पवर प्रेक्षक ‘निंबूडा’ची फर्माईश करतात आणि तासाभरात डीजे सुरू होतो. जरा थांबून गायकाला विचारावे की लग्नाच्या घरी काय गाता. ध्वनिक्षेपक बंद करून, शेकोटीजवळ कमायच्यावर एखादे गाणे ऐकले तर त्याच माणसाचा आवाज निराळा लागतो. बक्षिसी व्यवस्थापकाकडे न देता त्याच्याच हातात द्यावी.

अंधाराचे वाटेकरी

मुक्कामाची तारीख ठरवताना दिनदर्शिका पाहावी. पौर्णिमेच्या आसपास वाळू चांदण्यात न्हाते, पण तारे फिके पडतात, अमावास्येला उलटे. डिसेंबरात रात्री दहा-साडेदहाला कृत्तिका जवळजवळ डोक्यावर असतात आणि मृग व व्याध आग्नेयेला. पहाटे उठायची धास्ती नको, कारण देशाच्या या पश्चिम टोकाला डिसेंबरअखेर सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो.

या अंधाराला आणखीही वाटेकरी आहेत. सम-खुरीच्या आसपासचा बराच मुलूख ३,१६२ चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये मोडतो. तिथे गोडावण म्हणजे माळढोक राहतो. आपल्या सोलापूरच्या नान्नज अभयारण्यात तो आता दिसला तरी बातमी होते. जगात उरलेल्या दीडशेच्या आसपास माळढोकांपैकी बहुतेक याच जिल्ह्यात आहेत. जड शरीराच्या आणि समोरचे कमी पाहणाऱ्या या पक्ष्याला विजेच्या तारा चुकवता येत नाहीत. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांच्या वाहिन्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहे आणि सममध्ये माळढोकाचे कृत्रिम पैदास केंद्र चालते. गवताळ माळावर रात्री जीप दामटणे, फटाके उडवणे, प्रखर दिवे फिरवणे या मौजा म्हणूनच टाळाव्यात.

ठरवण्याआधी

आरक्षण करताना चार प्रश्न विचारावेत. तंबूपासून धोरे किती दूर आहेत? डीजे आणि जनरेटर किती वाजता बंद होतात? उंटाची फेरी किती वेळाची आहे? उंट कॅम्पचा की गावातल्या माणसाचा? उंट समोर आल्यावर त्याच्याकडेही पाहावे. नाकात घातलेल्या लाकडी खुंटीपाशी जखम असेल, मदार पडलेली असेल, तो लंगडत असेल, तर दुसरा मागावा. एका उंटावर दोन धष्टपुष्ट माणसांनी बसू नये.

आणि घासाघीस करताना एवढे लक्षात ठेवावे की पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च आहे, पण उंटाला चारा बारा महिने लागतो. फेरीचे पन्नास रुपये कमी करून घेण्यात आपल्याला जेवढे समाधान मिळते, त्याहून कितीतरी जास्त उंटवाल्याचे जाते. धोऱ्यावर जीपला मागणी वाढली तर जीपच वाढतील. उंटाला मागणी आणि रास्त भाव मिळत राहिला, तर रायक्याचा मुलगा बापाचा कळप विकण्याआधी निदान एकदा विचार तरी करील.