सर्व्हर बदला, पण आडसालीची नोंद सांभाळा

२०२५ मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आली. साखरपट्ट्यात हे दिवस बॉयलर पेटवण्याचे आणि यंत्रांना झेंडूच्या माळा घालण्याचे. त्याच दिवशी एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ या आवृत्तीचा सर्वसाधारण सपोर्ट संपला. या आवृत्तीवर चालणाऱ्या सर्व्हरना नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या यापुढे मिळणार नाहीत. इकडे राज्यात गाळप सुरू होणार होते १ नोव्हेंबरला. अशा मधल्या चार आठवड्यांत अपग्रेड उरकून टाकावे असा विचार एखाद्या संगणक विभागात चालू असेल, तर तो तिथेच थांबवावा.

बारामती आणि इंदापूर या दोनच तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा आणि शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो असे कारखाने आहेत. कोणाच्या सर्व्हरवर कोणती प्रणाली चालते हा ज्याचा त्याचा मामला. पण ऊस घेणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या संगणकात काय साठते ते सगळीकडे सारखेच असते: लागणीची नोंद, तोडणीचा क्रम, टोळ्यांचे आणि वाहतूकदारांचे करार, काट्यावरचे वजन आणि ऊसबिल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लागते. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होती. काट्याची नोंद दोन दिवस गायब झाली तर हा सगळा हिशेब कशाच्या आधारावर करायचा?

त्यातही आडसालीचे गणित वेगळे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस १६ ते १८ महिन्यांनी तोडला जातो. शेतावर नोंदी घेणाऱ्या चिटबॉयने यंदाच्या पावसाळ्यात टिपलेली लागणीची तारीख उपयोगी पडणार ती पुढच्या वर्षीच्या थंडीत. तारीख चुकली तर शेतकऱ्याची तोड पुढे ढकलली जाते, ऊस वाळतो, वजन घटते. याचा अर्थ असा, की आज घेतलेली नोंद एका सर्व्हरवर जन्मते आणि बहुधा दुसऱ्याच सर्व्हरवर वापरली जाते. अपग्रेडचा आराखडा करताना पहिला प्रश्न म्हणूनच हा हवा: बदलाच्या आदल्या दिवशीचा बॅकअप दीड वर्षानंतर उघडता येईल का? विक्रेत्यांच्या सादरीकरणात हा प्रश्न क्वचितच असतो. तिथे वेग, खर्च आणि नव्या सोयी यांचीच चर्चा असते.

बॅकअप नेमका कुठे मोडतो ते पाहू. एकदा संपूर्ण प्रत घेतली जाते आणि त्यानंतर रोज रात्री फक्त बदललेला भाग साठवला जातो. ही साखळी असते. मधली एक कडी खराब झाली की तिच्यावर उभ्या असलेल्या पुढच्या सगळ्या प्रती निरुपयोगी. बॅकअप सॉफ्टवेअर प्रत्येक व्हर्च्युअल मशीन ओळखते ते तिच्या नावावरून नव्हे, तर या मशीनांचा कारभार पाहणाऱ्या व्ही-सेंटरने दिलेल्या अंतर्गत क्रमांकावरून. व्ही-सेंटर रीतसर अपग्रेड केले तर हे क्रमांक टिकतात. ‘जुने घाण झालेय, नवे कोरेच टाकू’ असे म्हणून कोणी नवे व्ही-सेंटर उभे केले तर सगळे क्रमांक बदलतात. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा जमीन तीच राहिली, पण जुना उतारा नव्या गटाशी जुळवता न आल्याने भाऊबंदकीचे दावे उभे राहिले. इथेही तसेच होते. सॉफ्टवेअरला सगळ्या मशीन अनोळखी वाटतात, ते प्रत्येकीची नव्याने संपूर्ण प्रत घेऊ लागते, जुनी साखळी बेवारस पडते. चार टेराबाइटच्या बॅकअपला अचानक आठ टेराबाइट जागा लागते. डिस्क भरते. मग कोणीतरी जागा मोकळी करण्यासाठी ‘वापरात नसलेल्या’ जुन्या प्रती पुसतो, आणि आडसालीच्या नोंदी त्यांच्यातच असतात.

अपग्रेडमुळे बॅकअप गुपचूप मरतो, याचा जगातला सगळ्यात प्रामाणिकपणे नोंदवलेला दाखला प्रोग्रॅमरांचे कोड साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीचा आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री या कंपनीचा एक अभियंता डेटाबेसच्या दुय्यम सर्व्हरची दुरुस्ती करत होता. थकव्यात त्याने पुसण्याची आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली. चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. रोजची प्रत जिथे जायला हवी होती ती जागा रिकामी निघाली. कारण शोधले तेव्हा कळले, की डेटाबेस ९.६ आवृत्तीवर गेला होता, पण प्रत घेणारे साधन ९.२ चेच वापरले जात होते. दोन्ही जुळत नसल्याने ते दर वेळी नापास होत होते. नापास झाल्याचे ईमेलही निघत होते, पण मेलच्या पडताळणीतल्या त्रुटीमुळे ते नाकारले जात होते. सूचना पाठवली जात होती, ती कोणापर्यंत पोहोचत नव्हती. क्लाउडमधले डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. वाचवले ते एका योगायोगाने: त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता. संकेतस्थळ सुमारे १८ तास बंद राहिले. साधारण ५,००० प्रकल्पांमधले बदल, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती गेली. कंपनीने काहीही लपवले नाही. दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि नंतर सगळा तपशील लिहून प्रसिद्ध केला. ज्या कोणाच्या हातात सर्व्हरची किल्ली आहे त्याने तो तपशील वाचावाच. यात दुष्ट माणूस कोणी नाही, चोर नाही. अपग्रेड झाले, सगळे हिरवे दिसले आणि प्रत परत आणून पाहण्याचे काम कोणाच्याच नावावर नव्हते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बॅकअप सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर न्यायचे, कारण नव्या व्हीस्फिअरची भाषा जुन्या सॉफ्टवेअरला कळतेच असे नाही. त्याआधी त्याच्या स्वतःच्या मांडणीची प्रत सांकेतिक शब्द लावून बाहेर काढायची. वीमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती सांकेतिक न केल्यास साठवलेले पासवर्ड प्रतीत येतच नाहीत. मग लटकलेले स्नॅपशॉट मिटवायचे, व्ही-सेंटर अपग्रेड करायचे, मग मशीन ज्यांवर चालतात ते होस्ट एकेक करून. प्रत्येक टप्प्यानंतर एक ताजी संपूर्ण प्रत, आणि तिच्यातून एखादी मशीन वेगळ्या जाळ्यात प्रत्यक्ष सुरू करून पाहायची. काट्याचा डेटाबेस उघडला, कालच्या पावत्या दिसल्या, की पुढे सरकायचे. मशीनचे व्हर्च्युअल हार्डवेअर सगळ्यात शेवटी वाढवावे, कारण तिथून मागे येता येत नाही. जुनी साखळी मात्र तिची मुदत संपेपर्यंत हलवायची नाही, आणि ती वाचू शकणारे जुने सॉफ्टवेअर परवान्यासकट बाजूला राखून ठेवायचे. टेपवर प्रती ठेवणाऱ्यांनी ड्राइव्हही तपासावा: एलटीओ-८ ड्राइव्हला एलटीओ-६ ची टेप वाचता येत नाही.

एवढे काम चार आठवड्यांत होत नाही. गव्हाणीत मोळी पडल्यावर तर नाहीच. मिलचे ओव्हरहॉलिंग बंद हंगामात होते, कारण चालू मिलचा रोलर कोणी काढत नाही. सर्व्हरलाही तोच न्याय लावायला हवा. एप्रिल ते सप्टेंबर हा त्याचा काळ.

मग हा हंगाम सपोर्टविना काढायचा का? धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआय-आर्ग्स’ या खंडणीखोर हल्ल्याने जगभरातले हजारो व्हीएमवेअर होस्ट कुलूपबंद केले. ज्या त्रुटीचा वापर झाल्याचे सांगितले गेले तिची दुरुस्ती दोन वर्षे आधीच उपलब्ध होती. फटका बसला तो दुरुस्ती न लावलेल्या आणि थेट इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या सर्व्हरना. म्हणून या आवृत्तीचे शेवटचे पॅच आत्ताच लावावेत, होस्टचे व्यवस्थापन बाहेरच्या जाळ्यापासून पूर्ण तोडावे आणि एक प्रत अशी ठेवावी जी प्रशासकालाही ठरलेल्या मुदतीआधी पुसता येणार नाही. एवढे करून हंगाम काढणे हे घाईतल्या अपग्रेडपेक्षा कमी जोखमीचे आहे.

खर्चाचा मुद्दाही आहेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली. आता वर्गणी भरायची. त्यामुळे अनेक जण प्रॉक्समॉक्ससारख्या खुल्या पर्यायाकडे पाहतात. वीमने ऑगस्ट २०२४ च्या १२.२ आवृत्तीत प्रॉक्समॉक्सला आधार दिला, त्यामुळे व्हीएमवेअरवरची प्रत तिकडे उतरवता येते. मार्ग चांगला आहे, पण घर बदलताना साखळी तुटतेच. मुदतीपुरते दोन्ही चालवण्याची जागा आणि पैसा आधी धरावा.

आणि प्रत कुठे ठेवायची? २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीमुळे आग लागली. ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातला ८५८ टेराबाइट डेटा जळाला. बाहेर प्रत नव्हती, कारण साठा फार मोठा असल्याने ती घेतलीच नव्हती. कारखान्याचा डेटा त्यापुढे नगण्य आहे. एक प्रत पुण्याच्या कार्यालयात न ठेवण्याला कोणतीही सबब पुरणार नाही.

माणसांची वानवा हे कारण नेहमी दिले जाते. पण बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे कमलनयन बजाज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, इंदापुरात एस. बी. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कारखान्यांनी जुने बाद सर्व्हर या मुलांना द्यावेत आणि बंद हंगामात, सभासदांची नावे झाकलेल्या प्रतीवर, एकच काम सांगावे: मागच्या डिसेंबरातला एक दिवस परत उभा करून दाखवा. किती तास लागले, काय अडले, कोणता पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता, हे लिहून संचालक मंडळापुढे ठेवावे. नवा सर्व्हर किती मोठा घ्यायचा हा विषय त्यानंतरच्या बैठकीत घ्यावा.